कुस्तीची नोंद पैलवानाच्या नावावर करा

प्रति,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या कुस्ती मैदानांच्या यात्रा कमिट्या, तालीम संघ, पंच, निवेदक आणि वस्ताद मंडळी

सर्वांना रामराम.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा आमच्या भिलवडीच्या घरात शिरली आणि पार माळ्याला टेकली. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर लोखंडी ट्रंक चिखलात आडवी पडलेली. ट्रंकेत वडिलांची वही होती. लाल कापडी बांधणीची, लांबट, दुकानदार उधारी लिहायला ठेवतात तसली. तिच्यात त्यांनी आपली प्रत्येक कुस्ती लिहिली होती : गाव, तिथी, समोरचा गडी, त्याची तालीम, डाव, निकाल आणि इनाम. इनामाचे आकडे दोन असायचे. माइकवरून पुकारलेला शाईच्या पेनने, हातात पडलेला शिसपेन्सिलीने. पुराच्या पाण्यात शाई वाहून गेली, पेन्सिल राहिली. वही उन्हात वाळवली तेव्हा पुकारलेल्या आकड्यांच्या जागी निळे डाग होते आणि हातात पडलेले आकडे तेवढे जसेच्या तसे.

चार दिवस वडील एकेका डागावर बोट ठेवून आठवायचे आणि मी लिहून घ्यायचो. बऱ्याच कुस्त्या तेव्हा सांगितल्या. आता विचारलं तर नावं आठवत नाहीत.

मी पैलवान झालो नाही. दोन वर्षं तालमीत माती उकरली, मग शाळा, मग पुण्यात कॉम्प्युटरचं काम, आणि आता तेच काम घरून करतो. पुतण्या मात्र तालमीत आहे. पहाटे चारला उठतो, जोर-बैठका मारतो, संध्याकाळी लढत करतो. त्याची दुधाची बरणी घेऊन मीच जातो. त्याच्या कुस्त्यांचा हिशोब कुठे आहे, असं परवा त्याला विचारलं. म्हणाला, "काका, यूट्यूबवर असतील की." ते चॅनेल त्याचं नाही, त्यावरची जाहिरातीची कमाई त्याची नाही, आणि उद्या चॅनेलवाल्याने व्हिडिओ काढून टाकला तर कुस्तीही गेली. पन्नास वर्षांत वहीचं यूट्यूब झालं, पण पैलवानाची नोंद पैलवानाच्या हातात आली नाही. त्यासाठी हे पत्र.

मागणी सरळ आहे. मैदानात लागणारी प्रत्येक कुस्ती, तिचं पुकारलेलं इनाम आणि तिचा निकाल, मैदान सुटायच्या आत सगळ्यांसमोर सही करून अशा वहीत चढवा, जी कमिटीला, वस्तादाला, पैलवानाला, कुणालाच मागाहून खोडता येणार नाही. अशी वही आज तयार मिळते. तिला ब्लॉकचेन म्हणतात.

हे का हवं, ते वडिलांच्याच एका कुस्तीवरून सांगतो. एका गावात (नाव लिहीत नाही, तिथली आताची माणसं वेगळी आहेत) त्यांची कुस्ती ५०१ रुपयांवर पुकारली गेली. घिस्सा डाव मारून त्यांनी गडी चीत केला, कुस्ती निकाली झाली. रात्री कमिटीने ३०० रुपये हातावर ठेवले. "वर्गणी जमली नाही पैलवान, पुढच्या वर्षी बघू." हे एकवेळ सोडून देऊ, गावाची अडचण असू शकते. खरं नुकसान पुढे झालं. त्याच हंगामात शेजारच्या तालुक्यात जोड लावायला, म्हणजे कुणाशी लढायचं ते ठरवायला गेले तर तिथे बातमी पोचलेली की ती कुस्ती सोडवली, म्हणजे निकालाविना बरोबरीत थांबवली. कुणी म्हणे, वडीलच पडले. सांगणारा त्या मैदानात होता का, हे कुणी विचारलं नाही. तिसऱ्या नंबरची कुस्ती मिळायची तिथे सातव्या नंबरची मिळाली. पैलवानाच्या उमेदीचे हंगाम मोजून आठ-दहा. त्यातला एक ऐकीव बातमीवर गेला.

ब्लॉकचेन म्हटलं की पुष्कळांना वाटतं, हे काहीतरी परदेशी खूळ आहे. म्हणून आपल्याच दप्तरातलं उदाहरण देतो. मराठेशाहीत वतनाचा तंटा उभा राहिला की गोत बसायचं. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार सगळे. निवाड्याचा महजर, म्हणजे निकालपत्र लिहिलं जायचं आणि त्यावर एकेकाची निशाणी पडायची. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. साताऱ्याला छत्रपतींची गादी होती त्या काळातले असे महजर आजही अभ्यासक वाचतात. महजराला वजन यायचं ते इतक्या जणांनी एका जागी बसून निशाणी केल्यामुळे. मागाहून एकट्यादुकट्याला तो फिरवता यायचा नाही. ब्लॉकचेन हा तसलाच महजर आहे. त्याची नक्कल एकाच वेळी असंख्य कॉम्प्युटरांवर असते, आणि प्रत्येक नव्या पानावर आधीच्या पानाचा अंगठा उमटलेला असतो.

या अंगठ्याला हॅश म्हणतात. कुठलाही मजकूर, फोटो, व्हिडिओ एका ठरलेल्या गणितातून काढला की ठरावीक लांबीची अक्षरं-आकड्यांची ओळ मिळते. मजकुरात एका काना-मात्रेचा फरक केला तरी ती ओळ पार बदलते. मग पुढच्या पानावरचा अंगठा जुळत नाही आणि चोरी उघडी पडते. २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कुणीतरी बिटकॉइनचा आराखडा मांडला आणि २००९ च्या जानेवारीत ते जाळं सुरू झालं. त्या नाण्याशी आपल्याला देणंघेणं नाही, त्याच्या पोटातली ही न खोडता येणारी वही आपल्या कामाची आहे. आपल्या राज्यात ती वापरलीही गेली आहे. गडचिरोलीतल्या एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये जातीच्या दाखल्यांची नोंद पॉलिगॉन नावाच्या सार्वजनिक ब्लॉकचेनवर झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'विश्वस्य' नावाची स्वतःची ब्लॉकचेन यंत्रणा आणली. एटापल्लीच्या दाखल्याला जे जमलं ते कुंडलच्या, पलूसच्या, विट्याच्या, औंधच्या मैदानाला का जमू नये?

प्रत्यक्षात कसं चालेल ते सांगतो. आदल्या दिवशी तुम्ही जोडी लावायला बसता. कुणाची कुस्ती कुणाशी, कितव्या नंबरला, किती इनामावर, हे कागदावर येतं. तो सबंध कागद त्याच संध्याकाळी वहीत चढवायचा. इनामाचा आकडा तिथेच पक्का झाला. दुसऱ्या दिवशी हलगी वाजते, सलामी होते, कुस्ती लागते. निकाल लागला की पंचाजवळच्या फोनवर चार जणांनी सही करायची : पंच, कमिटीचा एक माणूस आणि दोन्ही बाजूचे वस्ताद. चितपट, गुणांवर, सोडवली, दुखापतीमुळे थांबवली, जे झालं ते. इकडे हात मिळवून पैलवान हौद्याबाहेर पडतात, तेवढ्यात काम होतं.

हरलेल्या गड्याचा वस्ताद सही करायला तयार नसेल तर त्याच्यावर जबरदस्ती नको. तीन सह्या आणि एक हरकत, अशीच नोंद करायची. तलाठी फेरफाराला हरकत नोंदवून घेतो तशी. चूक झाली तरी जुनी नोंद पुसायची नाही, तिच्याखाली दुरुस्तीची नवी घालायची. सातबाऱ्यावर जुनं नाव कंसात जातं, पण दिसत राहतं ना? तेच इथे. शेतकऱ्याच्या पोराला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

मैदानात गर्दी झाली की मोबाईलला रेंज राहत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचीही सोय होते. सह्या फोनमध्ये साठतात आणि रात्री घरी जाऊन वर चढवता येतात. दोनशे कुस्त्या झाल्या तर दोनशे वेळा खर्च करायचीही गरज नाही. सगळ्या नोंदींचा मिळून एकच अंगठा काढता येतो, तो ब्लॉकचेनवर गेला की काम झालं. व्हिडिओ साध्या जागी ठेवायचा, त्याचा फक्त अंगठा वहीत. आज एआयने कुणाचंही तोंड कुणाच्याही धडावर बसवता येतं. पाच वर्षांनी कुणी एखाद्या कुस्तीची बनावट चित्रफीत फिरवली, तर त्या दिवशीचा अंगठा तिच्याशी जुळणार नाही. पैलवानाला एवढा पुरावा पुरेसा आहे.

यातलं जे होणार नाही तेही स्पष्ट सांगतो, कारण उद्या माझ्या सांगण्यावरून कुणाची फसगत झालेली मला चालणार नाही. पाठ मातीला टेकली की नाही हे ब्लॉकचेनला कळत नाही. ते पंचाच्याच डोळ्याला कळायला हवं. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीत याच गोष्टीवरून काय झालं, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. खांदे टेकले नव्हते, असं एका बाजूचं म्हणणं होतं. पंचावर लाथ उचलली गेली आणि राक्षेवर तीन वर्षांची बंदी आली. तिथे वही असती तरी पंचाचा निर्णय तोच राहिला असता. पण कोणत्या क्षणी कोणता निर्णय दिला, कुणी हरकत घेतली आणि तिचं पुढे काय झालं, हे लिहिलेलं राहिलं असतं. हरकत कागदावर घेतली जाते एवढा भरवसा असला की लाथ उचलायची वेळ कमी येते, असं मला मनापासून वाटतं.

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्या ऑलिंपिकच्या निवडीत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांना पतियाळाच्या महाराजांपर्यंत दाद मागावी लागली, कुस्ती पुन्हा लावून घ्यावी लागली, तेव्हा ते हेलसिंकीला गेले. महाराजांपर्यंत ज्यांचा आवाज पोचला नाही, अशी किती पोरं आपल्या मातीत विरली असतील?

आता नुरा कुस्तीचं बोलतो. हे लिहिताना हात जड होतो, पण बोलायला हवं. आपापसांत ठरवून लढायचं, वीस मिनिटं झोंबायचं, मग 'सोडवा, सोडवा' म्हणून सोडवायची आणि इनाम निम्मं निम्मं. हे गावोगावच्या म्हाताऱ्यांना एका नजरेत कळतं. ते उठून जातात, आणि पुढच्या वर्षी वर्गणी द्यायला खळखळ करतात. पण बोलणार कोण? पुरावा नसतो. या गावात सोडवली ते त्या गावाला ठाऊक नसतं. समाईक वही असली की तीच जोडी एका हंगामात सहा गावांत लागली आणि सहाही ठिकाणी सुटली, हे कुठल्याही कमिटीला फोनवर दिसेल. कुणावर आरोप करायची गरज नाही. जोड लावायला बसलेला माणूस ती जोडी पुन्हा लावणार नाही, एवढंच होईल. आणि जो गडी खरोखर निकाली लढतो, पडला तरी डाव टाकून पडतो, त्याचं नावही तिथेच वर येईल. वडील म्हणायचे, "सोडवलेल्या दहांपेक्षा पडलेली एक बरी, पडल्यावर काहीतरी शिकतो." ती पडलेली कुस्तीही त्यांच्या वहीत होती.

जोड नीट लागायलाही याचा उपयोग होतो. नवख्या पोराला वजनाने आणि अनुभवाने दुप्पट गड्यासमोर उभं केल्याने मानेला, गुडघ्याला दुखापत झालेली पोरं प्रत्येक तालमीत आहेत. समोरच्याने मागच्या दोन वर्षांत कुणाकुणाशी कुस्ती केली हे वस्तादाला आधी बघता आलं, तर बेजोड गड्यासमोर तो पोराला उभंच करणार नाही.

पैशाचं थोडक्यात. पुकारलेली रक्कम आदल्या दिवशी बँकेत बाजूला ठेवलेली असावी आणि चार सह्या झाल्या की यूपीआयने थेट पैलवानाच्या खात्यात जावी. काही लोक सांगतील की यासाठी क्रिप्टो हवं, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट हवं. अट पुरी झाली की आपोआप पैसे सोडणारा करार ही कल्पना चांगली आहे, पण रुपयाचं काम रुपयानेच करा. क्रिप्टोच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस वेगळा. मातीत राबून मिळवलेलं इनाम असल्या घोळात कशाला घालायचं?

याच ओघात एक सावधगिरी. येत्या एक-दोन वर्षांत तुमच्याकडे कुणीतरी गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन येईल. तुमच्या पैलवानांचे एनएफटी (ब्लॉकचेनवर विकायचे डिजिटल मालकीचे दाखले) काढू, मैदानाचं टोकन काढू, गाव श्रीमंत होईल म्हणेल. त्याला चहा पाजा आणि जॉन सीनाची गोष्ट सांगा. आपल्या पोरांनी शाळेच्या दप्तरात ज्याचे खेळायचे पत्ते बाळगले तो टीव्हीवरच्या डब्ल्यूडब्ल्यूईचा सीना. २०२१ मध्ये त्याने आपल्या वस्तूंसोबत एनएफटीचे ५०० संच विक्रीला काढले, एकेकाची किंमत हजार डॉलर. ३७ विकले गेले. फजिती झाली, हे त्याने स्वतःच सांगून टाकलं. साऱ्या जगात ज्याला ओळखतात त्याची ही गत. शिवाय टोकन आलं की त्यावर पैजा येतात. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली आहे. बजरंगबलीच्या फोटोसमोर नारळ फोडून सुरू होणाऱ्या मैदानाला त्या वाटेला जाऊ देऊ नका.

आणि पोरांची माहिती. ही वही खोडता येत नाही, हाच तिचा धोकाही आहे. आधार नंबर, मोबाईल नंबर, घरचा पत्ता, दुखापतीचे कागद यांतलं काहीही तिच्यात घालायचं नाही. ब्लॉकचेनवर फक्त अंगठा, बाकीची माहिती कमिटीच्या साध्या नोंदीत, जिथून ती काढून टाकता येईल. अठराच्या आतल्या पोरापोरींची नोंद आई-वडिलांच्या संमतीशिवाय नको. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही तेच सांगितलं आहे, आणि कायदा नसता तरी आपण तेच केलं असतं. कुस्तीचा निकाल कमिट्यांना आणि वस्तादांना दिसेल, पण मैदानाबाहेर नोंद दाखवायची किल्ली पैलवानाकडे राहावी. त्याने दाखवली तर नोकरीच्या ठिकाणी दिसेल, नाही दाखवली तर नाही. क्रीडा कोट्यातून नोकरीसाठी बनावट प्रमाणपत्रं वापरल्याची प्रकरणं आपल्याच राज्यात निघाली, आणि त्यामुळे खऱ्या खेळाडूच्या कागदाकडेही संशयाने बघतात. मातीवरच्या गावच्या कुस्तीला त्या कोट्यात आज जागा नाही, हे मला माहीत आहे. पण उद्या कुणी जागा द्यायची म्हटली तर दाखवायला आपल्याकडे काय आहे?

कवठेपिरानच्या मारुती मानेंची १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतली पदकं नोंदलेली आहेत, शिराळ्याजवळच्या पुनवतच्या गणपतराव आंदळकरांची १९६० ची हिंदकेसरीची गदा नोंदलेली आहे. पण गावोगावच्या मातीत त्यांनी केलेल्या सगळ्या कुस्त्या कुणाकडे आहेत? बघणारी माणसं एकेक करून चालली आहेत. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी आपल्या सांगलीत झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने घेतली. आता कितीतरी मुली मैदानात उतरतात. त्यांच्या कुस्त्या तरी पहिल्यापासून नीट लिहिल्या जाव्यात.

राज्यातल्या संघटनांच्या भांडणात मला पडायचं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिव आणि फुलगाव अशा दोन ठिकाणी महाराष्ट्र केसरी झाली, दोन पैलवानांना दोन गदा मिळाल्या. खरी कुठली, हे ठरवणं माझं काम नाही. म्हणूनच ही वही कुठल्याही एका संघटनेच्या कपाटात नको. दहा गावांच्या कमिट्यांनी, दोन-चार तालीम संघांनी, एखाद्या कॉलेजने मिळून ती सांभाळावी. एकाने हात काढला तरी बाकीच्यांकडे नक्कल राहील.

सगळ्या मैदानांनी एकदम सुरुवात करावी असं मी म्हणत नाही. येत्या हंगामात तीन गावं पुढे आली तरी पुरे. सॉफ्टवेअर मी आणि माझे दोन मित्र तयार करतोय. ते फुकट राहील, आणि आतलं सगळं कुणालाही उघडून बघता येईल असं राहील. मराठीत आहे. बटणावर 'चितपट' लिहिलंय, 'सोडवली' लिहिलंय. अक्षर मोठं ठेवलंय, म्हणजे वस्तादांना चष्मा शोधावा लागणार नाही. पुतण्याच्या तालमीत लढतीच्या वेळी रोज वापरून बघतोय. परवा दोन वस्तादांनी एकाच फोनवर सही करायचा प्रयत्न केला आणि नोंद अडकली. तेवढं दुरुस्त करणं चालू आहे. तुमच्या मैदानात आणखी चुका निघतील. त्या सांगा, शिव्या दिल्यात तरी चालेल.

आदल्या दिवशी जोडी लावायला बसाल तेव्हा मला कोपऱ्यात एक खुर्ची आणि चार्जरला एक प्लग द्या. वडिलांनाही घेऊन येईन. जोड लावताना पैलवानांची, तालमींची नावं कानावर पडली की त्यांना मधूनच एखादी जुनी कुस्ती आठवते.

तुमचा,
एका पैलवानाचा मुलगा
भिलवडी, ता. पलूस, जि. सांगली